तुटायचा दोरा

जीवराम नानाने बांधलेली गाठ सुटली, असं अख्ख्या एरंडोल तालुक्यात कोणी दाखवून द्यावं, मी मिशी उतरवून देईन. तीस वर्षं माणसाने एकच धंदा केला. बोअरमधल्या आणि विहिरीतल्या पाण्याच्या मोटारी वर काढायच्या, दुरुस्त झाल्या की परत खाली सोडायच्या. तीन पायांची लोखंडी घोडी उभी करायची, तिला चेनपुली अडकवायची आणि चारशे फुटांवर पाण्यात बसलेलं ते धूड इंचाइंचाने वर घ्यायचं. ताणलेल्या दोरावर नुसती दोन बोटं ठेवून नाना सांगायचा, "थांबा, पाईप अडकला." बघावं तर खरंच अडकलेला असायचा.

त्याचा एक नियम होता. एकेरी दोर नाही. काहीही असो, बादली असो की माणूस, दोर दुहेरी आणि गाठीवर गाठ. लोक हसायचे. "नाना, पाच लिटरची बादली शे, हत्ती नही." नाना ऐकून घ्यायचा आणि दुहेरीच बांधायचा.

हा नियम त्याने कुठल्या पुस्तकातून घेतला नव्हता. त्याच्या धाकट्या बहिणीचा, कमलबाईचा, नवरा रुपचंद धंद्यात त्याचा जोडीदार होता. बावीस वर्षांपूर्वी एका विहिरीत पाईपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह अडकला, म्हणून रुपचंद खाली उतरला. नाना दुसरा दोर आणायला ट्रॅक्टरकडे वळला, तर हा पठ्ठ्या एकाच दोरावर लोंबकळत म्हणतो, "पाच मिनिटनं तं काम शे." दोर विहिरीच्या दगडी काठावर घासला आणि तुटला. नाना दोर घेऊन परत आला तेव्हा धरायला खाली कोणी नव्हतं. रुपचंदची पोर, सुलक्षणा, तेव्हा दोन वर्षांची होती.

तेव्हापासून ती पोर नानाची. कमलबाई मेहरूणच्या तळ्याजवळ दोन खोल्यांत राहायची, डाळमिलमध्ये कामाला जायची. शाळेचा दाखला, कॉलेजची फी, पायात काटा मोडला तरी मामा. पोरगीही काय गुणाची! ठिबकच्या एका कारखान्यात तपासणीला लागली. नळीला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी तिच्या नजरेतून सुटायचं नाही. हे लक्षात ठेवा, मी उगाच सांगत नाही.

आता यात प्रशील कुठून आला, ते ऐका. प्रशील धुळ्याचा. शिकलेला इंजिनिअर, पण डोक्यात एकच खूळ, हँग ग्लायडर. म्हणजे कापडाचा मोठा तिकोनी पंख. त्याच्याखाली माणूस पोटावर पालथा लटकतो आणि हातातल्या दांड्याने तो पंख वळवतो. बाकीचे लोक डोंगरावरून धावत सुटतात आणि उडतात. आपल्याकडे एरंडोल ते पारोळा बघा, हात फिरवावा तसं सपाट. म्हणून प्रशीलने दुसरी वाट धरली. जुन्या जीपच्या इंजिनावर एक ड्रम बसवला, त्यावर हजार मीटर दोर गुंडाळला. लांब उभ्या केलेल्या ग्लायडरला दोराचं टोक जोडायचं, इंजिनाने दोर ओढायचा, की ग्लायडर पतंगासारखा वर. पुरेसा वर गेला की पायलट खटका ओढून दोर सोडून देतो आणि मोकळा तरंगत खाली येतो. या ओढायच्या यंत्राला विंच म्हणतात.

पारोळ्याच्या अलीकडे त्याने पडीक रान भाड्याने घेतलं होतं, तिथे पाच-सात पोरांना उडायला शिकवायचा. तिथल्या बोअरची मोटार अडकली, म्हणून नानाला बोलावलं. नानाची ती दोन बोटं बघून प्रशील वेडाच झाला. म्हणाला, "नाना, दोरावर किती ताण आहे ते मला काट्यावर बघावं लागतं, तुम्हाला हाताला कळतं. माझ्या विंचवर बसा." नानाचे गुडघे तसेही घोडीखाली बसून बसून गेले होते. तो हो म्हणाला. मामाचा डबा द्यायला म्हणून सुलक्षणा एका रविवारी तिकडे गेली, पंख आभाळात चढताना बघितला आणि त्याच संध्याकाळी आईला म्हणाली, मी शिकणार.

कमलबाईने दोन दिवस चूल पेटवली नाही, असं म्हटलं तरी चालेल. मग भावाला विचारलं, "भाऊ, दोरवर तू शे ना?"

"मी शे ना," नाना म्हणाला. "मन्हा हातना दोर आजपावत तुटना नही."

"मंग माले काळजी नही."

झालं. एवढ्या एका बोलण्यावर पोरगी उडायला लागली.

प्रशील हौशी असेल, पण निष्काळजी नव्हता हो. हे मी शपथेवर सांगेन. हेल्मेटची पट्टी हनुवटीखाली दोन बोटं जाईल इतकीच. खांद्यावर छोटा आकडी चाकू, दोर अडकला तर कापायला. छातीवर जादा पॅराशूट. आणि उडण्याआधी कागदावरच्या अकरा गोष्टी मोठ्याने वाचायच्या. तो वाचणार, पायलटने ती गोष्ट स्वतःच्या डोळ्याने बघायची, मगच म्हणायचं, "बघितलं." न बघता कोणी म्हटलं, तर त्याचं त्या दिवसाचं उड्डाण बंद. वॉकीटॉकीवर हे सगळं आठशे मीटरवर विंचपाशी बसलेल्या नानाला ऐकू यायचं.

त्या अकरांतली सातवी गोष्ट म्हणजे कच्चा दोरा.

नाव नानाचंच. प्रशील वीक लिंक म्हणायचा. दोराचं टोक आणि पायलटचा पट्टा यांच्यामध्ये एक वीतभर बारीक दोरा बांधलेला असायचा. मुद्दाम कमजोर. नव्वद-पंचाण्णव किलोचा ताण आला की तुटणारा. प्रशीलने एकदा चहा पिता पिता समजावलं होतं. ग्लायडर ओढताना एका बाजूला फार कलला, तर दोर त्याला सरळ करत नाही, उलट आणखी कलवतो. मग पायलटच्या हातात काही उरत नाही, दोन-तीन सेकंदांत पंख जमिनीकडे वळतो. पण तसं व्हायच्या आधी दोरावरचा ताण वाढतो. तेव्हा हा दोरा पट्कन तुटला पाहिजे, म्हणजे पायलट सुटला.

"म्हणजे हा तुटायसाठीच बांधायचा?" नानाने विचारलं होतं.

"तुटायसाठीच, नाना. बाकी सगळं न तुटण्यासाठी."

नानाने मान हलवली होती. आता मान हलवणं वेगळं आणि पटणं वेगळं, हे काय मी तुम्हाला सांगायला पाहिजे? दहा मिनिटांचा तो चहा, आणि समोर तीस वर्षं. रोज सकाळी मोटारसायकलने दोर ओढत ग्लायडरपाशी नेऊन तो कच्चा दोरा बांधायचं काम नानाकडेच होतं. बांधताना दर वेळी त्याचा हात सवयीने दुसऱ्या पदराकडे जायचा. पण बांधायचा, एकेरी, सांगितला तसा.

फेब्रुवारी संपता संपता वारा बदलला. त्या आठवड्यात दोरा तीनदा तुटला. पहिल्या दोन वेळा सुलक्षणा हसत हसत खाली आली. तिसऱ्यांदा मात्र ती दोन मजल्यांएवढी वर होती, दोरा तुटल्याबरोबर पंखाचं नाक खाली गेलं आणि ती धाडकन आपटली. गुडघे सोलले, हनुवटी फुटली. नाना धावत पोचला तर प्रशील तिची हनुवटी रुमालाने दाबत म्हणत होता, "झकास! दोऱ्याने काम केलं. नाक जरा लवकर सावर पुढच्या वेळी."

झकास! नानाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीच्या गळ्यावर रक्त ओघळतंय आणि हा शहाणा म्हणतो झकास. तो पोरीला उठवायला पुढे झाला. तिला गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं, दोन टाके घालून घेतले आणि मेहरूणला घरी सोडलं.

कमलबाईने लेकीची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. "काय व्हयनं?"

"काही नाही गं. दोरा तुटला," सुलक्षणा म्हणाली.

कमलबाईचा हात तसाच राहिला. मग ती भावाकडे वळली. ती रागावली नाही, ओरडली नाही. अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "भाऊ, दोर तुटनाच कसा?"

नानाजवळ उत्तर होतं, प्रशीलने दिलेलं. ते या बाईला सांगायचं? हिला? तो चहा न घेता उठला.

दोन दिवसांनी सकाळी साडेसहाला नाना रानात होता. दोराच्या टोकाशी उकिडवा बसला. रिळावरून कच्चा दोरा काढला, मापाने तोडला, बांधला. मग पुन्हा एक काढला. पहिल्याच्या अंगाला अंग लावून दुसरा असा बसवला, गाठीत गाठ अशी मुरवली, की लांबून बघणाऱ्याला एकच दिसावा. तीस वर्षांचा हात तो. बांधून झाल्यावर त्याने दोन्ही हातांनी झटका देऊन बघितला आणि कितीतरी दिवसांनी त्याचा जीव भांड्यात पडला. आता नाही तुटत, म्हणाला. स्वतःशीच म्हणाला.

हे पाप त्याने कशासाठी केलं असेल, ते तुम्हीच सांगा. द्वेष नाही, आळस नाही, की पैसा नाही. नुसती माया.

वॉकीटॉकीवर अकरा गोष्टी सुरू झाल्या तेव्हा नाना विंचच्या सीटवर बसला होता. हेल्मेट. बघितलं. पट्टे. बघितलं. खटका. बघितलं. मग प्रशीलचा आवाज, "कच्चा दोरा. एकेरी?"

नानाने वॉकीटॉकी कानाजवळ नेली. पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर.

"एकेरी. बघितलं," सुलक्षणा म्हणाली.

तिला कळलं नाही, नानाला वाटलं. त्याला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

पहिलं उड्डाण उत्तम झालं. दुसरंही. तिसऱ्याला साडेनऊ वाजले होते, ऊन तापलं होतं. पंख चांगला शंभर फूट वर चढला आणि शेजारच्या नांगरलेल्या शेतातून वावटळ उठली. धूळ, पालापाचोळा गरगरत आला आणि डावा पंख वर उचलला गेला. ग्लायडर उजवीकडे कलला. नानाच्या बोटांना दोरात ताण भरताना कळला, इतका स्वच्छ कळला की जणू कोणी कानात सांगितलं. दोरा तुटायचा क्षण तो होता. तो क्षण आला आणि गेला. नानाने इंजिनाचा खटका खाली मारला, दोर सैल सोडला, पण तोवर पंख पुरता उभा झाला होता. कागद चुरगळल्यासारखा तो जमिनीवर आला. आवाज मागाहून पोचला.

नाना पोचला तेव्हा प्रशील गुडघ्यावर बसून तिला हलू देत नव्हता. "मानेला हात लावू नका! कोणी हलवू नका तिला!" तो किंचाळत होता आणि फोनवर रुग्णवाहिका मागत होता. सुलक्षणा शुद्धीत होती. "मामा, मला पाय जाणवत नाहीयेत," ती म्हणाली. नाना तिच्याजवळ खाली बसला. त्याच वेळी त्याच्या हातांनी, बघा, त्याच्या डोक्याला विचारल्याशिवाय, दोराच्या टोकाशी असलेली ती दुहेरी गाठ सोडवली आणि दोरा खिशात टाकला. त्याने बांधलेली गाठ त्या दिवशी पहिल्यांदा सुटली आणि सोडली त्यानेच.

धुळ्याच्या दवाखान्यात सहा आठवडे गेले. कमरेच्या वर एक मणका फुटला होता. डॉक्टरांनी कमलबाईला बाजूला घेऊन समजावलं. पोर बसेल, हाताने सगळं करेल, उभी राहणार नाही. कमलबाईने ऐकलं. वॉर्डात येईल त्याला ती सांगायची, "मन्हा भाऊ व्हता म्हनीसन पोर वाचनी." येणारा माणूस नानाकडे आदराने बघायचा. नाना खिडकीबाहेर बघायचा. ते एक वाक्य त्याने त्या सहा आठवड्यांत किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. दर वेळी वाटायचं, जमीन दुभंगावी.

आणि प्रशीलचं काय? त्याच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. रानातली शेड सील झाली. पंचनाम्यात लिहिलं होतं, जोडणीचा दोरा मिळून आला नाही. सुलक्षणाने जबाब दिला, दोरा एकेरी होता, मी स्वतः बघितला, तरी तो तुटला नाही, आणि खटका ओढायला माझा हात पोचला नाही. आता दोरा एकेरी असूनही तुटला नसेल तर तो दोराच खराब, आणि खराब दोरा आणला कोणी? प्रशीलने. इतकं सोपं गणित. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. ज्याने तो ओळखीचा असल्याचं कधी मिरवलं होतं, त्यानेही ओळख दाखवणं सोडलं.

तरी नाना गप्प होता. का गप्प, विचारू नका. तोंड उघडलं की कमलबाईचा चेहरा समोर यायचा. नवरा एकेरीने नेला. पोरीचे पाय दुहेरीने नेले. आणि दोन्ही वेळा दोर कोणाचा?

सुलक्षणाला घरी आणल्यावर चौथ्या दिवशी नाना एसटीने धुळ्याला गेला. देवपुरात प्रशीलचं घर. दार उघडंच होतं. ओट्याच्या आतल्या खोलीत छताच्या हुकाला वजनकाटा टांगलेला, त्याखाली दोऱ्याने लटकवलेला पत्र्याचा डबा, आणि प्रशील त्यात मापट्याने वाळू ओततोय. दाढी वाढलेली. जमिनीवर तुटलेल्या दोऱ्यांची रास. नाना दारात उभा असताना डबा दाणकन खाली पडला. प्रशीलने काटा बघितला, वहीत काहीतरी लिहिलं.

"त्र्याण्णव," तो म्हणाला. कोणाला म्हणाला कोण जाणे. मग त्याला नाना दिसला. "या नाना, बसा. बासष्ट दोरे तोडले मी. त्याच रिळातले. एकही शंभरच्या वर गेला नाही. मग तो एकच का नाही तुटला? माझं काय बघायचं राहिलं? मला झोप नाही लागत नाना, मला नुसतं कळू दे, काय राहिलं."

त्याला तुरुंगाची भीती नव्हती. केस, वर्तमानपत्र, काही नाही. त्याला फक्त ते एक कळायला हवं होतं. आणि जे कळायला हवं होतं ते नानाच्या खिशात होतं, दीड महिना, रोज उतरवलेल्या सदऱ्यातून काढून धुतलेल्या सदऱ्यात ठेवलेलं.

नानाने ते काढून जमिनीवर ठेवलं.

प्रशीलने दोरा उचलला. बोटांनी चाचपला. अंगाला अंग लावलेले दोन पदर त्याने नखाने वेगळे केले आणि तसाच बसून राहिला. नानाने वाट बघितली. शिवी दे, मारायला धाव, काहीतरी कर बाबा.

"दोरा चांगला होता म्हणजे," प्रशील म्हणाला आणि रडायला लागला.

रडून झाल्यावर तो म्हणाला, "का तुटायला हवा, ते तुम्हाला मी एकदाच सांगितलं. चहा पिताना. मी तुम्हाला तो काटा, तो डबा, हे सगळं दाखवायला पाहिजे होतं. कललेला पंख कसा ओढला जातो ते करून दाखवायला पाहिजे होतं. तुमच्या हातावर माझा इतका विश्वास, की..." तो थांबला. दोरा त्याने पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "नाना, ती एकेरी म्हणाली होती."

"तिले समजनं नही. मी बांधनाच तसा."

"तुम्ही लांबून बघणाऱ्यासाठी बांधला. तिने हातात घेऊन बघितला होता, मी समोर उभा होतो. सुलक्षणा आहे ती. टाचणीचं छिद्र सुटत नाही तिच्या नजरेतून." प्रशीलने मान खाली घातली. "हातात तिच्या होता, म्हणून मी वाकून बघितलं नाही."

पोलिसांत उद्या सकाळी दोघांनी जायचं ठरलं. दोरा प्रशीलने पाकिटात घातला. वकिलाला काय सांगायचं, जबाब कसा द्यायचा, तो काहीबाही सांगत होता, पण नानाच्या कानात फक्त ती वॉकीटॉकीची खरखर होती. एकेरी, असं विचारल्यावर पोर थोडा वेळ गप्प होती. तेव्हा त्याला ते बरं वाटलं होतं.

संध्याकाळी पाचला तो मेहरूणला पोचला. कमलबाई दारातच म्हणाली, "बरं व्हयनं भाऊ, तू वना. पोरले उठाले दोर बांधना शे." दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं, पलंगावर छताला दोर टांगा, त्याला धरून ती स्वतःची स्वतः उठून बसेल. स्लॅबला जुनी कडी होती, सुलक्षणाच्या पाळण्याची. नवा पांढरा सुती दोर कमलबाईने आणून ठेवला होता. तो नानाच्या हातात देऊन ती चहा टाकायला आत गेली.

नाना स्टुलावर चढला नाही. पलंगाशी बसला. सुलक्षणाच्या हनुवटीवरचे दोन टाके आता नुसती पांढरी रेघ झाले होते.

"धुळ्याला गेलो होतो," तो म्हणाला. "प्रशीलला सांगितलं. दोरा मी दुहेरी बांधला होता."

तिने डोळे मिटले. तिला धक्का बसला नाही, तेच नानाला नको होतं.

"तुला दिसलं होतं?"

"हो."

"मग?" नानाचा आवाज चिरकला. "मग एकेरी का म्हणालीस गं बाई माझी? तिथल्या तिथे सोडायचा. माझ्या तोंडावर मारायचा तो दोरा!"

"तुम्ही बांधला होता, मामा." ती हळू बोलत होती. "प्रशील सर समोर उभे. सगळी पोरं ऐकत होती. म्हटलं, चारचौघांत मामाची चूक कशी काढू. आणि खरं सांगू? हनुवटी दुखत होती माझी. मला पण वाटलं, आज नाही तुटणार. बरं वाटलं मला."

बरं वाटलं. त्यालाही तेव्हा बरंच वाटलं होतं. त्या सकाळी त्या रानात दोघांनाही बरं वाटलं होतं आणि मध्ये उभ्या राहिलेल्या त्या बिचाऱ्या प्रशीलचा सगळा भरवसा एका वीतभर दोऱ्यावर होता.

"जबाबात मी खोटं सांगितलं ते तुमच्यासाठी नाही," ती म्हणाली. "आईसाठी. तिच्याकडे तुमच्याशिवाय आहे कोण?"

कपबशीचा आवाज झाला. कमलबाई चहा घेऊन उभी होती. किती ऐकलं, काय ऐकलं, तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. नानाने ठरवलं, आता नाही तर उद्या पोलिसांकडून. तो उठून उभा राहिला. भाचीशी तो बऱ्यापैकी शुद्ध बोलायचा, पण बहिणीशी बोलताना जीभ गावाचीच व्हायची.

"कमल, त्या दिन दोरा तुटाले पाहिजे व्हता. तुटता तं पोर वाचती. मी डबल बांधा. म्हनीसन तुटना नही. तुन्ही पोरना पाय मी लिनात."

बाईने चहा खाली ठेवला. न सांडता, अगदी बेताने. ती भावाकडे बघत राहिली, मग पलंगावरच्या लेकीकडे, मग भिंतीवरच्या रुपचंदच्या फोटोकडे. ती आता छाती बडवील, घराबाहेर हो म्हणेल, नाना वाट बघत होता. म्हणाली असती तर त्याला सोसलं असतं.

तिने पलंगावर पडलेला पांढरा दोर उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"मंग हाऊ आते कसा बांधशी, भाऊ?" ती म्हणाली. ती खरंच विचारत होती. "एकेरी का दुहेरी?"

नानाने दोराकडे बघितलं. बावीस वर्षांत हा प्रश्न त्याला कोणीही विचारला असता, तर विचारून व्हायच्या आत त्याने उत्तर दिलं असतं. तो दोर हातात धरून त्या कडीखाली उभा राहिला, आणि चहा गार झाला तरी त्याला गाठ मारता आली नाही.